चाळीस गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर

दुकान किंवा नोकरी कोल्हापुरात आणि रान पन्हाळ्याच्या, गगनबावड्याच्या नाहीतर राधानगरीच्या रस्त्याला, अशी माणसं इथल्या प्रत्येक पेठेत भेटतात. कुणाला वाटणीत आलेलं, कुणी हौसेनं घेतलेलं. तिथं एखादी खोली, चार आंबे, दहा नारळ, थोडी भाजी, उरलेल्यात भात नाहीतर ऊस. कामं वर्षभर असतात, पण रोज नसतात. शेणखत ओढायचं, पावसाळ्यात माजलेलं गवत काढायचं, झाडांमधली मशागत करायची, वाहून गेलेली वाट पुन्हा मुरूम टाकून सारखी करायची. दर वेळी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचा आणि तो "येतो की, उद्या सकाळी" म्हणतो. अशा तीन-चार 'उद्या' झाल्या की मिनी ट्रॅक्टरचा विचार डोक्यात शिरतो.

या विचाराभोवती फिरणारी बहुतेक मतं मात्र मोठ्या शेतकऱ्याकडून उसनी आणलेली असतात. आठ एकर ऊस असलेल्या पाव्हण्याचं गणित चाळीस गुंठ्यांना, म्हणजे एका एकराला, लागू पडत नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या घरात भरलं. तेवढं रान असणारेसुद्धा ट्रॅक्टर घ्यावा की नको यावर वर्षानुवर्षं घोटाळत राहतात. मग गुंठ्यांतल्या माणसानं निदान ऐकीव गोष्टी तरी तपासून घ्याव्यात.

मिनी ट्रॅक्टर म्हणजे इथं साधारण 11 ते 28 अश्वशक्तीची यंत्रं धरली आहेत. स्वराजचा 2021 मध्ये आलेला पेट्रोलवरचा कोड 11 अश्वशक्तीचा, महिंद्राचा युवराज 15 चा, व्हीएसटीचा एमटी 180 साडेअठराचा, महिंद्रा जिवो 245 आणि कुबोटाचा निओस्टार बी 2441 हे 24 चे. शेवटच्या दोघांत चारही चाकांना जोर मिळतो.

गैरसमज: भाडं देण्यापेक्षा स्वतःचा परवडतो

हा सगळ्यात लाडका समज आहे आणि तो कागदावर दहा मिनिटंही टिकत नाही.

आकडे धरूनच बघू. ट्रॅक्टर आणि छोटा रोटर मिळून 4 लाख रुपये. दहा वर्षांनी विकला तर दीड लाख आले असं समजा. म्हणजे घसारा वर्षाला 25 हजार. अडकलेल्या पैशावर 7 टक्के व्याज धरलं, कर्जाचं असो की मोडलेल्या ठेवीचं, तर सरासरीनं वर्षाला 19 हजारांच्या आसपास जातात. विमा, सर्व्हिसिंग, दोन-तीन वर्षांनी बॅटरी, कधीतरी टायर, शेडचा पत्रा या सगळ्याला मिळून 12 हजार. बेरीज 56 हजार झाली, आणि अजून डिझेलचा थेंबही जळलेला नाही.

आता काम किती? चाळीस गुंठे तीन फुटी रोटरनं एकदा फिरवायचे म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर चालायचं. वळणं आणि थोडं एकावर एक धरून दोन ते अडीच तास. वर्षातून चारदा रोटर मारला, खत-माती ओढली, गवत कापलं, फवारणी केली, तरी ओढून-ताणून पन्नास तास भरतात. म्हणजे तासाला अकराशेच्या वर नुसता स्थिर खर्च. त्यावर दीड-दोन लिटर डिझेल, आणि चालवणारे तुम्हीच, तेही फुकट. गावातला 45-50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पाच-सहा फुटी रोटर घेऊन तेच काम निम्म्याहून कमी वेळात करून जातो आणि त्याच्या दरात डिझेल, ड्रायव्हर, मोडतोड सगळं येतं. तुमच्या गावातला दर या गणिताशेजारी लिहा. उत्तर लगेच दिसेल.

शेती अभियांत्रिकीत ट्रॅक्टरचं आयुष्य दहा वर्षं किंवा दहा हजार तास धरण्याची रीत आहे. वर्षाला हजार तास. पन्नास तासवाला त्याच्या विसाव्या हिश्श्यावर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला आणि टायर-सुट्या भागांवरचा 18 वरून 5 वर. किंमत उतरली हे खरं, पण 4 लाखांच्या गणितात त्यानं वर्षाला दोन-तीन हजारांचा फरक पडतो. निर्णय फिरत नाही.

तर मग घेऊच नये का? इथं मी हिशेबवाल्यांच्या बाजूला पूर्ण उभा नाही. गणितात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे वापसा.

पाऊस थांबल्यावर काळ्या रानात कधी चार दिवस, कधी दोनच दिवस असे येतात की माती ना चिकटते ना ढेकळं निघतात. त्या दिवसांत सगळ्या शिवाराला एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो. ट्रॅक्टरवाला आधी कुणाकडे जाणार? ज्याचं चार एकर एका तुकड्यात आहे त्याच्याकडे. तुमच्या वीस गुंठ्यांत त्याचा अर्धा वेळ वळण्यात जातो, बांधावर झाड आडवं येतं, फाटकातून रोटर आत घ्यायला कसरत. तो शेवटी येतो, आणि तोवर रान वाळून दगड झालेलं असतं नाहीतर पुन्हा पाऊस पडलेला असतो. यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्या जागी तुम्ही असता तरी हेच केलं असतं.

त्यात कोल्हापूरचं म्हणून एक वेळापत्रक आहे. दिवाळीच्या मागेपुढे कारखान्यांची धुराडी पेटली की मोठे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून उसाच्या वाहतुकीला जातात. मार्च उजाडेपर्यंत शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरचे रस्ते ट्रॅक्टरांनी भरलेले आणि रानात मात्र ट्रॅक्टर मिळत नाही, अशी गंमत असते. वाहतुकीच्या करारात अडकलेला माणूस तुमच्या नारळाच्या बागेत दोन तासांसाठी येणार नाही. उलट गगनबावडा, आजरा, चंदगडकडच्या डोंगरपट्ट्यात अडचण जून-जुलैत, भाताच्या चिखलणीला येते.

म्हणून मिनी ट्रॅक्टरसाठी मोजलेले वर्षाचे 56 हजार ही बचत नव्हे, ती हव्या त्या दिवशी यंत्र दारात असण्याची किंमत आहे. ज्याला ती परवडते आणि ज्याची कामं खरोखरच दोन-चार दिवसांच्या वापशावर अडलेली असतात, त्यानं खुशाल घ्यावा. 'पैसे वाचवतोय' असं घरात सांगून मात्र घेऊ नये. ज्याच्याकडे नुसती आंबा-नारळाची झाडं आहेत त्याची मशागत आठ दिवस पुढं गेली तरी झाडाला पत्ता लागत नाही. त्याला वापशाचं कारणही पुढं करता येत नाही.

गैरसमज: मिनी म्हणजे खेळणं, आणि त्याच्या उलटा: मिनीनं सगळं होतं

हे दोन्ही एकाच बाकावर बसून ऐकायला मिळतात. दोघांचाही घोटाळा एकाच ठिकाणी आहे. ते अश्वशक्ती बघतात, वजन बघत नाहीत.

नांगराला लागते ती ओढ. ओढ येते चाकाच्या पकडीतून आणि पकड येते वजनातून. 15 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पाऊण-एक टनाच्या आत असतो, 45 चा दोन टनांच्या आसपास. मऊ रानात कोणत्याही ट्रॅक्टरची ओढ त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेरच राहते. त्यामुळे शिरोळच्या नाहीतर पंचगंगाकाठच्या भारी काळ्या रानात खोडवा मोडून पलटी नांगर लावायचा असेल तर मिनी जागच्या जागी चाक फिरवत बसतो. कितीही घट्ट स्टिअरिंग धरा. तिथं वर्षातून एकदा मोठा ट्रॅक्टर बोलवावा, हेच शहाणपण.

रोटरची गोष्ट वेगळी. रोटर ओढीवर चालत नाही, पीटीओच्या फिरत्या दांड्यावर चालतो. उलट त्याची पाती ट्रॅक्टरला थोडं पुढंच ढकलतात. म्हणून तीन फुटी रोटर मिनी सहज चालवतो, तांबड्या हलक्या रानात तर छानच. चिखलणीत हलकं वजन उपयोगाचं ठरतं. जिथं मोठा ट्रॅक्टर तळातल्या घट्ट थरापर्यंत रुततो आणि डोंगरउताराच्या अरुंद खाचरात वळतही नाही, तिथं चारचाकी जोराचा मिनी लोखंडी चाकं लावून फिरतो.

आणि ऊस. साडेचार-पाच फुटांच्या सरीत साधारण तीन फूट रुंदीचा मिनी बाळभरणीपर्यंत चालतो, कारण ऊस वर गेला की खालून निघायला जागा राहत नाही. तीन फुटी सरीत मात्र त्याला घालूच नये. तिथं पॉवर टिलर. आधी ट्रॅक्टर घ्यायचा आणि मग त्याच्यासाठी सरीचं अंतर बदलायचं, असंही लोक करतात. रुंद सरी उसाला चांगलीच असते म्हणा, पण त्या शहाणपणासाठी चार लाख खर्च करायची गरज नव्हती.

मागच्या हायड्रॉलिकची उचल मिनीत साधारण सातशे-साडेसातशे किलोपर्यंत असते. हा आकडा लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. अवजार जितकं मागे लांब, तितकी ती कमी होते आणि पुढची चाकं हलकी पडायला लागतात. माहितीपत्रक बघताना हे विक्रेत्याला विचारा.

गैरसमज: पुढं बकेट लावली की जेसीबीचं काम होतं

होत नाही. अमेरिकेत मोठ्या आवाराच्या घरांतून छोट्या ट्रॅक्टरला पुढं लोडर लावून माती, बर्फ, लाकडं हलवतात. तिथं मजूर आणि भाड्याचं यंत्र दोन्ही महाग. इथं तासाच्या दरानं जेसीबी हाकेच्या अंतरावर मिळतो आणि शेततळं, चर, बांध हे काम दोन तासांत उरकून जातो. पाऊण टनाच्या ट्रॅक्टरला पुढं तीनशे किलोची बकेट लावली तर आधी पुढचा ॲक्सल आणि मग तुमची पाठ बोलायला लागते.

गैरसमज: कमी वापरला की कमी झिजतो, खर्च कमी

बैल रोज खातो, ट्रॅक्टर चालला तरच खातो, असं म्हणत कित्येकांनी दावणीची जोडी विकून ट्रॅक्टर घेतला. पण उभा ट्रॅक्टरही खातो. फक्त त्याची वैरण एकदम, आणि नको त्या दिवशी मागितली जाते.

कोल्हापूरच्या पश्चिम भागात चार महिने हवा ओलीच असते. अर्ध्या रिकाम्या डिझेल टाकीत आतल्या भिंतींवर दव धरतं, ते पाणी तळाशी बसतं, त्यात बुळबुळीत घाण वाढते आणि फिल्टर चोंदतो. उपाय सोपा आहे: ट्रॅक्टर उभा ठेवताना टाकी भरून ठेवायची आणि फिल्टरखालचं पाणी अधूनमधून सोडायचं. बॅटरी नुसती राहिली तरी उतरते, आणि उतरलेली तशीच ठेवली तर आतून खराब होऊन पुन्हा चार्ज धरत नाही. ऋण टोकाची वायर काढून ठेवायला पाना आणि दोन मिनिटं पुरतात. दोन-तीन महिने हलला नाही तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. गिअरच पडत नाही आणि मालक गिअरबॉक्स खोलायला निघतो. लांबच्या मुक्कामाला क्लचचं पेडल दाबून अडकवून ठेवावं, असं बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. पुस्तिका मात्र टूलबॉक्सच्या तळाशी प्लॅस्टिकमध्येच राहते.

उंदरांचा विषय वेगळाच. पावसात कोरडी, ऊबदार, माणूस न फिरकणारी जागा म्हणजे बॉनेटखालचा भाग. वायरिंग कुरतडलेलं सापडलं की इलेक्ट्रिशियन शोधायचा.

"पंधरा दिवसांनी जाऊन पाच मिनिटं चालू करतो की" हाही अर्धाच उपाय. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, आतलं दव उडत नाही, उलट ते तेलात मिसळतं. चालू करायचा तर अर्धा तास कामाला लावून नीट तापू द्यावा. आणि तेल बदलायचं ते दोनशे-अडीचशे तासांनी किंवा वर्षानं, जे आधी होईल तेव्हा. पन्नास तासवाल्याचं वर्षच आधी होतं. मीटर बघून "अजून बरेच तास शिल्लक आहेत" म्हणणारा चार वर्षं तेच काळं तेल फिरवत राहतो.

शेड कुठं बांधायचं हेही इथं खर्चातच मोजावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीच्या बाजूला नदीजवळ रान असेल तर जून ते सप्टेंबर ट्रॅक्टर वरच्या गावात कुणाच्या तरी अंगणात ठेवण्याची सोय आधी पक्की करावी. बुडालेला ट्रॅक्टर पाणी ओसरल्यावर बघायला म्हणून स्टार्टर मारू नये. आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तेल सोडायचं, इंजेक्टर काढायचे, मिस्त्रीला बोलवायचं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात येत नाही, हे बहुतेकांना पाणी ओसरल्यावर कळतं.

गैरसमज: आपल्याच रानात फिरणार, पासिंग-विमा कशाला?

रानातून रानात जाताना मध्ये डांबरी आली की कायदा लागला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये शेती ट्रॅक्टर हे 'परिवहनेतर' वाहन आहे. म्हणजे मालवाहू ट्रकचे परवाने त्याला लागत नाहीत, पण नोंदणी लागते, ट्रॉलीचीही वेगळी लागते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन आणायचं तर थर्ड पार्टी विमा हवाच. चालवायच्या लायसनची चिंता मात्र नको. त्याच कायद्याच्या व्याख्येत 7,500 किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो, त्यामुळे कारचं लायसन असेल तर मिनी ट्रॅक्टर चालवता येतो.

खरी गोची होते ती वापरात. शेजाऱ्याच्या बांधकामाच्या विटा पैसे घेऊन ओढल्या, चार बायका मडगार्डवर बसवून भांगलणीला नेल्या, आणि त्याच फेरीत अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट यावरच ठेवते. ट्रॅक्टरवर सीट एकच असते. मडगार्डवर बसलेल्याची भरपाई मालकाच्या खिशातून गेल्याचे निकाल कमी नाहीत.

गैरसमज: मिनीला सरकार नव्वद टक्के देतं

नव्वद टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो तुमचा नाही. सामाजिक न्याय विभागाची ती योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी आहे. गटातले किमान 80 टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव त्या प्रवर्गातले हवेत. 9 ते 18 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं मिळून साडेतीन लाखांची मर्यादा, त्यात 3 लाख 15 हजार अनुदान आणि गटाचे 35 हजार, अशी तिची रचना. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचावी. शहरातल्या फार्महाऊसवाल्यानं कुणाचा तरी गट पुढं करून ट्रॅक्टर आपल्या शेडमध्ये आणायचा, असले सल्ले देणाऱ्याला चहासुद्धा पाजू नये.

बाकीच्यांसाठी कृषी विभागाचं यांत्रिकीकरण अनुदान महाडीबीटी पोर्टलवरून. सातबारा, आठ-अ, आणि एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी. दसऱ्याच्या मुहूर्तावर आधी ट्रॅक्टर आणून, फुलं वाहून, नंतर अर्ज केला तर अनुदान गेलं.

गैरसमज: लहान आहे, त्यामुळे निर्धोक

इथं थोडं थांबावं लागेल, कारण पैशाची चूक भरून निघते, जिवाची नाही.

मिनीची दोन चाकांमधली रुंदी कमी असते. सरीत शिरायला तीच सोय आणि उतारावर तोच धोका. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीच्या बांधाबांधाच्या रानात एक चाक बांधावर आणि एक खाली गेलं की मोठ्या ट्रॅक्टरच्या आधी मिनी कलंडतो. उतारावर आडवं चालवण्यापेक्षा वर-खाली चालवावं, आणि सीटमागं लोखंडी रोल-बार असलेलाच ट्रॅक्टर घ्यावा. तो असेल तर सीटबेल्ट लावायचा. बेल्टशिवाय माणूस बारच्या बाहेर फेकला जातो आणि बारचा उपयोग संपतो.

ट्रॉलीचं तर अवघडच. ट्रॅक्टर पाऊण टन, मागं मुरमानं भरलेली दोन टनांची ट्रॉली, तिला ब्रेक नाही. चढावर इंजिन कुरकुरतं म्हणून माणूस सावध असतो. उतरताना ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, चाकं घसरतात आणि ट्रॉली बाजूनं पुढं येते. चढलेल्या गिअरमध्येच उतरायचं, न्यूट्रल करायचं नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर येताना ते दोन्ही खिटीनं जोडायचे असतात. न जोडता उतारावर एकच पाय दाबला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. कार चालवायची सवय असलेल्या शहरातल्या माणसाला हे कुणी सांगतच नाही.

आणि पीटीओ. 540 फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, मफलर, सैल शर्टाची बाही, काहीही त्यात अडकलं तर सोडवायला तो एक सेकंदही मिळत नाही. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर 'अडचण होते' म्हणून काढून टाकलेलं जवळजवळ प्रत्येक जुन्या रोटरवर दिसतं. जुना रोटर घेताना आधी ते कव्हर नवीन घ्या, मग पाती बघा.

अडकलेला ओंडका, रुतलेली गाडी ओढताना दोर ट्रॅक्टरच्या वरच्या भागाला, टॉप लिंकच्या जागी बांधतात. चाक अडलं आणि क्लच सोडला की पुढचा भाग उचलला जाऊन ट्रॅक्टर मागं उलटतो. दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच.

गैरसमज: उद्यमनगरात काहीही बनवून मिळतं

हा कोल्हापूरकराचा अभिमान आहे आणि तो पोकळ नाही. शिवाजी उद्यमनगरातला टर्नर जुना बुश बघून नवा उतरवून देतो, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाहन उद्योगासाठी कास्टिंग ओतली जातात. पण कास्टिंग इथं ओतलं म्हणून तुमच्या मॉडेलचा हायड्रॉलिक पंप इथल्या दुकानाच्या फळीवर असेल असं नाही. मोठ्या ट्रॅक्टरचे भाग तालुक्याच्या बाजारातही मिळतात, कारण ते शेकड्यांनी फिरतात. मिनीची मॉडेलं कमी खपतात आणि लवकर बदलतात. घेण्यापूर्वी विक्रेत्याला नव्हे, सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला विचारा: क्लच प्लेट, पंप, फिल्टर आज आहे का? 'मागवून देतो' हे उत्तर आलं तर किती दिवसांत, तेही. जुना घेताना तासांच्या मीटरवर फार विसंबू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, सीटची अवस्था आणि तीन-पॉइंट लिंकच्या भोकांची झीज खरं वय सांगतात.

गैरसमज: ट्रॅक्टर नाही तर मग काहीच नाही

चाळीस गुंठ्यांतल्या निम्म्या कामांना ट्रॅक्टर लागतच नाही. बांधावरचं, झाडाखालचं गवत खांद्यावरच्या ब्रश कटरनं निघतं. भाजीच्या वाफ्यांना आणि झाडांच्या ओळींना पाच-सात अश्वशक्तीचा पॉवर वीडर पुरतो. फवारणीला एचटीपी पंप. हे सगळं मिळून मिनीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात येतं आणि खोलीच्या कोपऱ्यात मावतं. खोल नांगरट आणि मोठी ओढाताण तेवढी भाड्यानं. ट्रॅक्टरच्या मोहात पडलेल्याला हे सांगून पटत नाही, कारण ब्रश कटरवर बसून गावातून जाता येत नाही.

गैरसमज: भागीत घेतला की भांडण ठरलेलं

पैऱ्यानं कामं करण्याची रीत या भागाला नवी नाही. आज तुझ्या भांगलणीला मी, उद्या माझ्याकडे तू. त्यामुळे दोघा-तिघांत एक ट्रॅक्टर हा विचार इथल्या माणसाला परका वाटू नये. तरी भागीदाऱ्या मोडतात, आणि त्याचं खापर स्वभावावर फुटतं. माझ्या मते कारण बहुतेक वेळा मातीत असतं. भागीदार निवडताना लोक बांधाला बांध लागलेला शेजारी बघतात. त्याची माती तीच, पाऊस तोच, पीक तेच, म्हणजे वापसाही त्याच दिवशी. ज्या दिवसासाठी ट्रॅक्टर घेतला, त्याच दिवशी तो दोघांनाही हवा.

भागी करायची तर वेगळ्या रानाच्या माणसाशी करावी. एकाचं काळं, सखल, उसाचं. दुसऱ्याचं माळावरचं तांबडं, झाडांचं. तांबडं रान पाऊस उघडल्यावर लवकर तयार होतं, काळं चार-सहा दिवस मागून. एका गावात असे दोघे सहज सापडतात, नात्यात तर हमखास. बाकीचं कागदावर घ्यावं: नोंदणी कुणाच्या नावावर, पूर्ण विमा दरवर्षी कुणी भरायचा, डिझेल ज्याचं त्यानं पण टाकी भरूनच परत द्यायची, तासांच्या मीटरचा आकडा वहीत दोघांच्या सहीनं. रोटरची पाती झिजली तर तासांच्या प्रमाणात वर्गणी. तिसऱ्याला भाड्यानं द्यायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं, कारण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मागायला येतो.